विनूकडून शिक्षा मिळाली

डिसेंबरचा पहिला रविवार. सकाळी साडेआठ वाजता किमान तापमान बारा पूर्णांक चार, आकाश निरभ्र, पाऊस शून्य. भांडणाची वेळ दुपारी पावणेदोन. जागा, रायपूरच्या शंकर नगरातलं तुझं स्वयंपाकघर. हजर तिघं: तू, मी आणि माझी मुलगी रूपा. ताई, एवढं मी खात्रीनं लिहू शकतो. यापुढे जे लिहायचं आहे त्यात खात्री कमी आणि भीती जास्त आहे.

तुझा चष्मा शोधायला मी फ्रिजवरची टोपली खाली काढली. चष्मा नव्हता. जुनी वीजबिलं होती, दोन अर्धवट मेणबत्त्या होत्या, आणि गल्लीतल्या डॉक्टरांनी हृदयाच्या तपासणीसाठी दिलेली चिठ्ठी होती. मी तारीख वाचली.

"बावीस दिवस झाले," तूच म्हणालीस. "तू मोजशीलच, म्हणून आधीच सांगून राहिली."

"मग दाखवलं काहून नाही?"

"नाताळचा कार्यक्रम होऊ दे. एकोणीस पोट्टे हाय. मेंढपाळांचे फेटे अजून बांधता येत नाही त्यांना."

"तुले चर्चच्या पायऱ्या चढवत नाही, ताई."

"मग हळू चढते. अन् तू? तू केली का कधी तपासणी? बाबा एकावन्नाव्या वर्षी गेले. तुले बावन्न लागले."

"माझा विषय नाही चाललेला."

"बाबांचा तर चालला ना? ते दोघांचेही होते."

उत्तर नसलं की मी आवाज चढवतो, हे तुला पाळण्यापासून माहीत. मी म्हणालो, "कर हट्ट. देव एक दिवस शिक्षा देईल तुले, तेव्हा समजेल."

रूपा संत्रं सोलत होती, तिचा हात थांबला. तू तिच्या हातातली एक फोड घेऊन माझ्यापुढे धरलीस आणि म्हणालीस, "जेवून जा." मी जेवलो नाही. रविवारी निघण्याआधी आपण मराठीत प्रार्थना करायचो. चर्चमध्ये सगळं हिंदीत, म्हणून घरातली ती पाच मिनिटं आपल्या भाषेची. तीही न करता मी निघालो. जिन्यावरून तुझा आवाज आला होता, "विनू, स्वेटर राहिला." मी वळलो नाही. सहा दिवसांनी, शनिवारी सकाळी, कुंड्यांना पाणी घालताना तू पडलीस ती उठली नाहीस.

"शिक्षा" हा शब्द माझ्या तोंडी कुठून आला, हे तुझ्याइतकं कोणालाच माहीत नाही. तरी मला ते पुन्हा सांगायचं आहे.

मी सात वर्षांचा, तू सोळा. बाबांनी नागपूर सोडून रायपुरात दवाखान्यात कंपाउंडरची नोकरी धरली, तेव्हापासून आपण असेच होतो: देवाशी मराठीत बोलणारे आणि देवाबद्दल हिंदीत ऐकणारे. संडे स्कूलमध्ये तू पहिल्यांदाच वर्ग घेत होतीस. आपली शिदोरी, पाच भाकरी आणि दोन मासे, देऊन टाकणाऱ्या पोराची गोष्ट सांगितलीस. मग विचारलंस, "तो बच्चों, इससे हमें क्या शिक्षा मिलती है?" मी हात वर केला.

"घर जाने पे मम्मी मारेगी, दीदी. टिफिन दूसरों को दे दिया."

अख्खा वर्ग हसला. तुला फळ्याकडे तोंड फिरवावं लागलं. घरी येताना तू मला समजावलंस की हिंदीतली शिक्षा म्हणजे बोध आणि आपली शिक्षा म्हणजे मार. मला ते समजलं. पण डोक्याला समजलेलं वेगळं आणि पोटात बसलेलं वेगळं. त्याआधीची दोन वर्षं दर रविवारी, प्रत्येक गोष्टीच्या शेवटी, मी एकच प्रश्न ऐकत आलो होतो. हरवलेलं मेंढरू सापडलं, आता आपल्याला काय शिक्षा? आंधळ्याला दिसू लागलं, आता काय शिक्षा? तेव्हा माझा देव पाठीमागे छडी धरून उभा राहिला, तो पंचेचाळीस वर्षांत पूर्ण हललेला नाही. तू हा किस्सा सुजाताला आमच्या साखरपुड्यातच सांगितलास. रूपाच्या बाप्तिस्म्याला पुन्हा सांगितलास. सगळे हसले की मीही हसायचो. त्या हसण्यात किती भीती होती, ते मी तुला कधी सांगितलं नाही.

नोकरीही मला तशीच मिळाली, आभाळावर पाळत ठेवण्याची. शेती संशोधन केंद्राच्या वेधशाळेत रोज सकाळी साडेआठला तापमान, दमटपणा, पाऊस. नोंद झाली की पावणेनऊला तुझा फोन.

"आज किती पडला?"

"छप्पन्न पूर्णांक दोन मिलिमीटर."

"अन् काय म्हणून राहिला होता?"

"कोण?"

"पाऊस."

"पाऊस बोलत नाही, ताई. मोजपात्रात पडतो."

"मग तुझं मोजपात्र लहान हाय."

मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की मला कूलरचं पाणी, रूपाचा घाम, विजेचा भार, सगळ्यात धोका दिसायचा. तू खिडकीखालच्या मडक्याला हात लावून बसायचीस. "हे पाझरते म्हणून आतलं पाणी गार राहते," म्हणायचीस. "जे मडकं थेंब सोडत नाही, त्याचं पाणी गरमच. माणसाचंही तसंच." मी म्हणायचो, ताई, ते बाष्पीभवन आहे. तू म्हणायचीस, "हव. मग ते कोणी केलं?" आणि मडक्यातला पेला माझ्यापुढे ठेवायचीस. पाणी खरंच गार असायचं. त्याबद्दल मी कधी आभार मानले नाहीत. उन्हाळ्यात पाण्याचे आभार कोण मानतं?

पण आपला खरा वाद बियासीचा होता. तो मिटला नाही आणि आता मिटणार नाही.

बियासी काय असते, हे मला आज नोकरीच्या भाषेत सांगता येतं. पेरलेलं भात महिन्याचं झालं की शेतात वीतभर पाणी साचू द्यायचं आणि उभ्या पिकातूनच हलका नांगर फिरवायचा. तण मरतं, दाट रोपं विरळ होतात, फुटवे जास्त येतात. पण बाबांच्या मित्राच्या शेतावर मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा नऊ वर्षांचा होतो. मला दिसलं ते एवढंच, की एक भला माणूस बैल जुंपून आपलंच हिरवं शेत चिखलात घालतो आहे. मी रडायला लागलो. "त्याले सांग ना ताई, थांब म्हणाव." तू सांगितलं नाहीस. माझा हात धरून उभी राहिलीस. पंधरा दिवसांनी मला मुद्दाम पुन्हा तिथे नेलंस. शेत पहिल्यापेक्षा हिरवं होतं, आणि बांधावर बसून तो माणूस बिडी ओढत होता, जणू काही झालंच नव्हतं.

पुढे दर श्रावणात तू संडे स्कूलच्या मुलांना हे सांगायचीस. संकट आलं की देव आपल्यावरून नांगर फिरवतो आहे असं वाटतं, पण ती बियासी असते. आणि दर श्रावणात मी म्हणायचो, "काही रोपं मरतात त्याच्यात. चिखलात दबतात ती उठत नाहीत. आमच्याकडे मोजतात."

"मग तू मोज. मी सांगते."

बाबा गेले त्या वर्षी मी एकोणीसचा होतो. मी तुला विचारलं होतं, आपले बाबा विरळले की दबले? तू बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिलीस. मग म्हणालीस, "मले नाही माहीत, विनू. दबलेल्यांचं काय होते, ते मी पोट्ट्यांना सांगतच नाही. माहीत नाही ते कसं सांगू?"

ताई, तू माझ्याशी खोटं बोलली नाहीस, सांत्वनासाठीसुद्धा नाही. त्या एका उत्तरावर मी इतकी वर्षं विश्वासात टिकलो, पाळकांच्या प्रवचनांवर नाही. आणि म्हणूनच तुझ्या कॅलेंडरवर तू लिहिलेली एक ओळ वाचून मी इतका घाबरलो. तू लिहिलं असेल तर ते खरंच असणार.

आधी दफनाच्या रविवारचं सांगतो. कबरीपाशी पाळकसाहेबांनी चांगली प्रार्थना केली. तुझी एकोणीस मुलं रांगेत उभी होती, सगळ्यांनी स्वेटर घातले होते, तू असतीस तर तेच आधी पाहिलं असतंस. मग साहेबांनी पुस्तक मिटलं आणि लोकांना विचारलं, "बहन शांता के जीवन से हमें क्या शिक्षा मिलती है?" माझ्या हातात मूठभर माती होती. बावन्न वर्षांचा माणूस मी, मला पुन्हा ती छडी दिसली. सगळ्यांनी माती टाकली तरी माझी मूठ उघडेना. रूपानं माझी बोटं एकेक करून सोडवली.

सोमवारी तिला घेऊन मी तुझ्या घरी गेलो. घरमालकीण म्हणाली होती, फ्रिजमधलं दूध तरी काढून न्या. स्वयंपाकघराच्या भिंतीवर तुझं मराठी कॅलेंडर, नागपूरची मैत्रीण दर वर्षी पाठवते ते. रोजच्या चौकोनात पेन्सिलीनं एक ओळ, त्या दिवसानं काय शिकवलं ती, कधी हिंदीत, कधी मराठीत, जी जिभेवर असेल ती. मी मागून वाचत आलो. शुक्रवार: "फेटे बांधता आले. सात मेंढपाळ." गुरुवार: "थंडी. हळू चढले." बुधवार: "ताऱ्यासाठी नवा बल्ब." मंगळवार रिकामा. सोमवार, म्हणजे आपल्या भांडणाचा दुसरा दिवस:

"विनूकडून शिक्षा मिळाली."

मी ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. देव शिक्षा देईल, असं मी म्हणालो होतो. तू लिहून ठेवलं होतंस की शिक्षा मिळाली, आणि ती माझ्याकडून मिळाली. त्यानंतर पाच दिवसांत तू गेलीस. हा शब्द तू कोणत्या भाषेत लिहिलास? वाक्य मराठी आहे. मराठीत त्याचा अर्थ एकच होतो. पण तुझी मराठी रायपूरची, तिला कुंपण नव्हतं.

मला कळलंच पाहिजे होतं. जुनी कॅलेंडरं तू फडताळात डब्यांखाली अंथरायचीस. मी डबे उतरवले. चार वर्षांची निघाली, डाळीच्या डब्याच्या गोल डागांसकट. जमिनीवर पसरून मी एकेक चौकोन वाचू लागलो.

रूपा दारात उभी होती. तिला मराठी सगळं समजतं, पण बोलताना ती हिंदीतच बोलते. "पापा, आप आत्या का ऑडिट कर रहे हो?"

"मोजून राहिलो."

"उससे क्या होगा?"

"कळेल."

"और नहीं कळलं तो?"

मी पुढचं पान उलटलं. थोड्या वेळानं तीही खाली बसली आणि दुसऱ्या टोकापासून वाचू लागली.

"शिक्षा" हा शब्द, भिंतीवरचं यंदाचं धरून, पाच वर्षांत एकतीस वेळा आला. त्यातली पंचवीस वाक्यं सरळ हिंदी. उरली सहा मराठी. तीन वाक्यांत अर्थ उघड बोधाचा: "मडक्याकडून शिक्षा मिळाली." दोन वाक्यांत उघड मराठी शिक्षा: "राजूला शिक्षा करायला नको होती. उद्या माफी मागणे." आणि दुसरं: "लक्ष नव्हतं, दूध उतू गेलं. शिक्षा म्हणून बिनदुधाचा चहा." यावर रूपा हसली. सहावं वाक्य माझं.

तीन विरुद्ध दोन. असा निकाल मी नोकरीत कोणाकडून स्वीकारला नसता. रूपा म्हणाली, "देखो ना, मटके वाला और आपका वाला, सेम टू सेम लिखा है." मी म्हणालो, मडकं कोणाला मारत नाही, बेटा. भाऊ मारू शकतो.

अकरा वाजून वीस मिनिटांनी तुझा फोन वाजला. तो चार्जरला लागूनच होता, आम्ही कोणी काढला नव्हता. रूपानं उचलून स्पीकर लावला.

"शांता मैडम? आपका ग्यारह बजे का नंबर था. डॉक्टर साहब बैठे हैं, आ रही हैं ना?"

"कौन सा नंबर?" रूपानं विचारलं.

"दिल की जाँच का. पिछले सोमवार को खुद आकर लिखवा गई थीं. फीस भी जमा है."

पिछले सोमवार. म्हणजे ज्या दिवशी तू ती ओळ लिहिलीस त्याच दिवशी तू चिठ्ठी घेऊन गेली होतीस. माझं ऐकलं होतंस. तो बोध होता, ताई. मला आनंद झाला. तुला माती देऊन एक दिवस झाला होता आणि तुझ्या स्वयंपाकघरात, जुन्या कॅलेंडरांवर बसून, मला आनंद झाला. हे लिहायला लाज वाटते, पण झाला.

तो फार टिकला नाही. मी लगेच मोजलं. चिठ्ठी बावीस दिवस टोपलीत होती. एक रविवार आधी मी ती टोपली काढली असती, तर तुझा हा सोमवार तुझ्या शनिवारच्या आधी आला असता. तू शिकलीस आणि तरीही दबलीस. बियासीबद्दल मी विचारायचो तो प्रश्न अजून तिथेच आहे, फक्त आता तू समोर नाहीस, "मले नाही माहीत" म्हणायलासुद्धा.

आज एक गोष्ट कबूल करतो. गेले तीन महिने तेलीबांध्याच्या तलावाची एक फेरी मला पुरी होत नाही. अर्ध्यात बाकावर बसतो. ओळखीचं कोणी दिसलं की मोबाइल पाहत असल्यासारखं करतो. सुजाताला सांगितलेलं नाही. तुला तर नाहीच, कारण तू लगेच त्यातून काहीतरी अर्थ काढला असतास आणि मला फक्त आकडा हवा होता, तोही घ्यायची हिंमत नव्हती. तुझ्यावर ओरडलो तेव्हा मी निम्मा स्वतःवर ओरडत होतो. शनिवारपासून दिवसातून दहा वेळा मनगटावर बोट ठेवून नाडी मोजतो. परवा वेधशाळेत मी किमान तापमान चुकीचं लिहिलं. आजवर असं झालं नव्हतं.

काल मंगळवारी मी आणि रूपा त्या दवाखान्यात गेलो, तुझं नाव काढायला. काउंटरवरची मुलगी रूपाच्याच वयाची. तू गेल्याचं ऐकून तिनं हात जोडले, मग रजिस्टर उघडलं.

"फीस वापस नहीं होती, अंकल. हाँ, परिवार में किसी और के नाम कर सकते हैं." तिनं ओळीवर बोट ठेवलं. "आप विनय जी हैं? साथ आने वालों में मैडम ने आपका नाम लिखवाया है. छोटा भाई, उमर बावन."

"मुझे तो बताया नहीं," मी म्हणालो.

"पूछ रही थीं, भाई की भी उसी दिन हो जाएगी क्या. मैंने कहा, फोन करके पूछ लीजिए उनसे. तो बोलीं," ती जरा अडखळली.

"बोलिए."

"बोलीं, अभी फोन करूँगी तो भाग जाएगा. डरपोक है मेरा भाई. पर मेरे साथ चल बोलूँगी तो आ जाएगा."

रूपा फिसकन हसली आणि मग तिथेच, सगळ्यांसमोर, ओढणीत तोंड लपवून रडू लागली. मी ते रजिस्टर उलटं वाचत राहिलो. तुझं नाव, त्याखाली माझं. माझं वय तू बरोबर सांगितलं होतंस.

ताई, भीती गेलेली नाही. मी आज बुधवारी हे लिहितो आहे आणि उद्याचा विचार आला की पेन खाली ठेवतो. उद्या ते काय सांगतील याची भीती वाटते, आणि काहीच नाही म्हणाले तर तुझ्याऐवजी मी का उरलो, याचीही वाटते. आज सकाळी पावणेनऊला फोन हातात घेऊन उभा राहिलो, मग आठवलं. थोडा वेळ तसाच उभा राहून मी मराठीत प्रार्थना केली, मोठ्यानं. शेवटाला येऊन अडलो, कारण आपल्यात शेवटचं आमेन नेहमी तूच म्हणायचीस. ते मी म्हटलं.

काल त्या मुलीनं विचारलं होतं, "तो किसके नाम कर दूँ?" मी रूपाकडे पाहिलं. रूपानं माझ्याकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला मराठीत दटावलं, "बोला ना, पापा."

मी माझं नाव सांगितलं. गुरुवार, सकाळी अकरा, सोबत मुलगी. तपासणीचे सहाशे रुपये दवाखान्याला मिळालेले आहेत, ते तू भरलेस. नव्या कार्डाचे पन्नास वेगळे द्यावे लागले, ते मी दिले.